भंगारातला व्हॉल्व्हचा अँप: आधी प्लग लावू नकोस

जालन्याच्या भंगारात तुला गिटारचा व्हॉल्व्ह अँप, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा जुना अँप्लिफायर, मिळाला, फार आनंद झाला. पण हात जोडतो, तो लगेच प्लगला लावू नकोस.

आधी ओळख पटव. पुढच्या पट्टीवरचं नाव कुणीही बदललेलं असू शकतं. व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे बटणामागच्या फिरत्या भागाच्या, पाठीवरचा आकडा बघ. माझ्या अँपवर 1376633 होता: 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966 साल, 33 वा आठवडा. पॉट मूळचा असेल तर अँप त्याआधीचा नसतो. विजेकडचा ट्रान्सफॉर्मर 117 व्होल्टचा निघाला तर आपल्या 230 वर जळेल, व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच.

खरं काम फिल्टर कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवून सप्लाय सपाट करणाऱ्या भागांचं. अँप बंद असला तरी त्यांत तीनशे-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. ती साठलेली वीज रेझिस्टरने उतरवून, मल्टिमीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालू नकोस. एक हात खिशात ठेव, मी आजही ठेवतो. इतके जुने कंडेन्सर फुगलेले नसले तरी बदल. बाकीचे भाग चालतायत तोवर राहू दे, त्याचा आवाज त्यांतच आहे.

टू-पिन वायर काढून थ्री-पिन, अर्थिंगसह. पहिल्यांदा 60 वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये, म्हणजे अँपकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत, घाल: चमकून मंदावला तर ठीक, लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे.

आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करूच नकोस, व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. विहिरीची मोटार भरून देणारे आपल्याकडे गावोगावी आहेत, हा ट्रान्सफॉर्मर भरणारा सहज सापडत नाही.