मुलगा अकरावीत आहे, चांगला पोहतो; छोट्या कॉलेजची टीम घेईल का?

तुमचा मुलगा न्यू जर्सीत अकरावीत आहे, 100 यार्ड ब्रेस्टस्ट्रोकला 1:02 लागतात, मोठ्या विद्यापीठांचे कोच उत्तर देत नाहीत, आणि छोट्या कॉलेजात पोहण्याची स्कॉलरशिप मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. माझी लेक याच वाटेने गेली, म्हणून लिहिते.

आधी पैशाचं. अशी बरीच कॉलेजं एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना) डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या गटात, असतात. तिथे खेळासाठी एक डॉलरही द्यायचा नाही, असा नियमच आहे. मदत मिळते ती अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर. म्हणजे फी कमी करायची तर केमिस्ट्रीच्या मार्कांकडे बघा.

पण छोटं म्हणजे सोपं समजू नका. ओहायोतल्या केन्यन कॉलेजच्या मुलांनी 1980 ते 2010 सलग 31 वेळा डिव्हिजन थ्रीचं पोहण्यातलं विजेतेपद घेतलं. 2011 मध्ये ते ओहायोतल्याच डेनिसनने हिसकावलं, अवघ्या एका गुणाने! कोचची झोप असल्या एकेका गुणापायी उडते. कॉन्फरन्सच्या (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) मीटमध्ये बऱ्याच ठिकाणी पहिल्या 16 जणांना गुण असतात, पहिल्याला 20, सोळाव्याला 1. तेव्हा त्या कॉलेजच्या कॉन्फरन्सचे फेब्रुवारीतले निकाल उघडा आणि सोळाव्याच्या टाइमशेजारी मुलाचा टाइम लिहा. मग टीमची यादी बघा, यंदा किती ब्रेस्टस्ट्रोकवाले पदवी घेऊन बाहेर पडतायत. एका रविवारी पोह्यांच्या बशा बाजूला सारून आम्ही हेच केलं. 20 कॉलेजांची 7 झाली. (भारतातून वाचणाऱ्यांनी 50 मीटरच्या पूलमधले टाइम यार्डांत बदलून पाठवावेत, नाहीतर चांगलं पोहणारं पोरही ढिलं दिसतं.)

ईमेल मुलालाच लिहू द्या. पहिली मी लिहिली होती, लेकीच्या नावाने, अगदी सजवून. कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिने स्वतः चार ओळी आणि स्प्लिट्स (शर्यतीतल्या प्रत्येक टप्प्याचे टाइम) पाठवले, तर त्याच रात्री उत्तर. मग फोन आला तेव्हा आम्ही गाडीत होतो. कोचने विचारलं, 200 यार्डांत शेवटच्या 50 ला ढेपाळतेस का? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने असं बघितलं की मी सिग्नलकडेच बघत बसले.

गोड बोलण्यावर जाऊ नका. एका कोचने सप्टेंबरपर्यंत भरभरून लिहिलं आणि मग एकदम गप्प. त्याला दुसऱ्या दोघी मिळाल्या होत्या. अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात कोचने ट्रान्स्क्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) मागून ॲडमिशन ऑफिसला दाखवली, तर ते मनावर घेतलंय असं समजा. मुलाने सरळ विचारावं, ‘ब्रेस्टस्ट्रोकला तुमच्या यादीत मी कितवा?’

यादीत वर असेल तर कोच अर्ली डिसिजनने अर्ज करायला सांगेल. तो अर्ज बांधून घेतो, प्रवेश मिळाला की जायचंच. त्याआधी कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती भरावं लागेल याचा अंदाज देतो) दोघांनी बसून भरा. आमच्याकडे तो आकडा बघून पहिल्या पसंतीचं कॉलेज त्याच रात्री यादीतून गेलं.