गार्मिन कंपनीच्या जुन्या पिवळ्या ईट्रेक्स जीपीएससाठी डेटा केबल घरी बनवता येईल का? मोबाइलची यूएसबी केबल कापून जोडली तर चालेल का?

बनवता येते, मी बनवली आहे. पण यूएसबी केबल कापून थेट जोडू नका. तुमचं यंत्र दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर चालतं आणि यूएसबीच्या लाल तारेत ५ व्होल्ट असतात. शिवाय या जुन्या ईट्रेक्सला यूएसबी कळतच नाही, त्याची भाषा जुन्या संगणकांवरच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टची, म्हणजे आरएस-२३२ची.

तारा तीनच लागतात. यंत्राची डेटा बाहेर येणारी तार नऊ पिनांच्या मादी कनेक्टरच्या २ नंबरला, आत जाणारी ३ नंबरला आणि ग्राउंड ५ नंबरला. कनेक्टरच्या प्लास्टिकवर पिनांचे आकडे बारीक कोरलेले असतात. ते भिंगातून वाचून मगच डाग द्या, कारण मागून पाहिलं की क्रम उलटा दिसतो. यंत्राचा चौथा संपर्क पॉवरचा. तो मोकळाच ठेवा, सेल आहेतच की.

कुठला संपर्क कशाचा, हे आकृतीवर विसंबून न राहता मल्टिमीटरने ठरवा. यंत्र बंद करून सेल काढा. सेलच्या ऋण टोकाशी ज्याची बीप वाजेल तो ग्राउंड. मग सेल घालून यंत्र चालू करा, सेटिंगमध्ये इंटरफेस ‘एनएमईए’ (जीपीएसची माहिती साध्या ओळींत आपोआप पाठवत राहण्याची पद्धत) निवडा आणि एक किलोओहमचा रेझिस्टर जोडलेला एलईडी ग्राउंड आणि एकेका संपर्कामध्ये धरून पाहा, लांब पाय संपर्काकडे. जिथे तो सेकंद-दोन सेकंदांनी लुकलुकेल तिथून डेटा बाहेर येतोय.

खरी कटकट प्लगची. मागच्या रबरी झाकणाखाली चार चपटे संपर्क आहेत, त्यांवर दाबून बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या पात्या हव्यात. मी जुन्या रिलेतल्या (विजेवर चालणाऱ्या स्विचमधल्या) पात्या काढल्या, जुन्या प्लास्टिक कार्डाचे तुकडे एकावर एक चिकटवून खाचेत सरकेल एवढी जाडी केली आणि कानशीने घासत बसलो. तीन प्लग वाया गेले. तांब्याची साधी तार वापरू नका. चार वेळा घातली-काढली की तिचा ताण जातो आणि संपर्क सुटतो.

आता माझी फजिती. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नव्हता, म्हणून यूएसबीचं छोटं टीटीएल मॉड्यूल लावलं (टीटीएल म्हणजे चिप आपसांत वापरतात ती सिग्नलची पद्धत). स्क्रीनवर नुसता कचरा. संध्याकाळभर बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, बदलत बसलो, पण दोष तिथे नव्हताच. आरएस-२३२मध्ये रेषा शांत असताना व्होल्टेज खाली असतं, टीटीएलमध्ये वर. म्हणजे प्रत्येक बिट उलटा वाचला जात होता. मधे या दोन पद्धतींची अदलाबदल करणारी मॅक्स-२३२ चिप टाकली आणि सगळं सरळ झालं. तुम्ही सरळ नऊ पिनांचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर घ्या, त्यात हे काम आधीच केलेलं असतं.

यंत्र जोडण्याआधी अडॅप्टर तपासा: २ आणि ३ पिना तारेने जोडा, टर्मिनल प्रोग्राममध्ये (पोर्टवर येणारा-जाणारा मजकूर दाखवणाऱ्या) फ्लो कंट्रोल बंद करा आणि काहीही टाइप करा. तेच परत उमटलं तर अडॅप्टर ठीक. मग वेग ४८००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या, ‘जीपीआरएमसी’, ‘जीपीजीजीए’ असल्या ओळी यायला लागतील. घरात उपग्रह मिळाले नाहीत तरी ओळी येतात, रकाने तेवढे रिकामे असतात.

एवढ्यावर थांबू नका मात्र. एनएमईएमध्ये फक्त चालू ठिकाण मिळतं. साठवलेले ट्रॅक (चाललेली वाट) आणि वेपॉइंट (खूण केलेली ठिकाणं) उतरवायचे तर इंटरफेस पुन्हा ‘गार्मिन’वर न्या आणि जीपीएसबेबल हा प्रोग्राम वापरा. आत जाणारी तार नीट आहे की नाही हेही तिथेच कळतं, कारण इथे संगणक विचारतो तेव्हाच यंत्र बोलतं. ट्रॅक उतरला की मगच प्लगमध्ये इपॉक्सी भरा. मी आधी भरलं होतं.