शेजारच्या बेने इस्राएल आजींची पुस्तकांची ट्रंक माझ्याकडे राहिली आहे. ज्यू ग्रंथालयांना तिचा काही उपयोग असतो का?

आधी एवढंच सांगते: ट्रंक रद्दीवाल्याला दाखवू नका आणि घाईघाईने कुरिअरही करू नका. दोन्हीची कारणं पुढे येतील.

प्रश्नाखालचा तपशील ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रश्नकर्ते ठाण्याचे. शेजारच्या आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. त्या मुलाकडे इस्रायलमधल्या अश्दोदला कायमच्या गेल्या. घर रिकामं करताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक यांच्याकडे ठेवली आणि ‘कोणाला कामाची असतील तर दे’ म्हणाल्या. आत काही पुस्तकं मराठी, काही हिब्रू, काहींत दोन्ही. ज्यू ग्रंथपालांना यात रस असेल का आणि असल्या गोष्टी ते एकमेकांना कळवतात कशा, असा प्रश्न आहे.

मी ज्यू नाही. मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं कॅटलॉगिंग केलं. या विषयात शिरले ती स्वतःच्या चुकीमुळे. देणगीत आलेल्या एका गठ्ठ्यात पातळसा मराठी अहवाल होता, कुठल्याशा मशिदीच्या जमाखर्चाचा. मी फार विचार न करता त्याला २९७ क्रमांक दिला, म्हणजे इस्लाम. काही वर्षांनी एक बेने इस्राएल बाई संदर्भ शोधत आल्या, कार्ड बघून हसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, ही आमची मशीद आहे.” कोकणातले जुने बेने इस्राएल सिनेगॉगला, म्हणजे आपल्या प्रार्थनागृहाला, मशीदच म्हणत. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत बांधलेलं शहरातलं पहिलं सिनेगॉग अजून ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखलं जातं. अहवालाच्या आतल्या पानावर विश्वस्तांची नावं होती. ती वाचायचे कष्ट घेतले असते तरी चूक कळली असती.

तुमच्या ट्रंकेसारख्या पुस्तकांची अडचण हीच आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी. मोठ्या परदेशी विद्यापीठांत ज्यू विषयाचा ग्रंथपाल वेगळा आणि दक्षिण आशियाचा वेगळा. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे. तिथून मराठी पुस्तकं तिकडच्या विद्यापीठांना जातात आणि दक्षिण आशियाच्या कपाटात बसतात. त्याच लायब्ररी ऑफ काँग्रेसचा हिब्रू विभाग १९१२ साली जेकब शिफ यांनी दिलेल्या सुमारे दहा हजार पुस्तकांवर उभा राहिला. त्याची माणसं वेगळी, लिपी वेगळी. आता डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर हिब्रू असलेलं प्रार्थनापुस्तक कुणाच्या टेबलावर जाणार? ज्याच्या टेबलावर जाईल त्याला अर्धंच वाचता येणार. मग नोंदही अर्धीच होते, आणि अर्धी नोंद झालेलं पुस्तक शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.

म्हणून उपयोग होईल का, याचं उत्तर ‘हो’. त्यांना पुस्तकाइतकीच, कधी त्याहून जास्त, मराठी वाचणाऱ्या माणसाची गरज असते. तो माणूस सध्या तुम्ही आहात.

हे ज्यू ग्रंथपाल एकमेकांना काय कळवतात ते सांगते. हिब्रूत ग्रंथपालाला ‘सफ्रान’ म्हणतात, ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक यावरून. अमेरिकेत त्यांची असोसिएशन ऑफ ज्यूइश लायब्ररीज ही संघटना १९६६ पासून आहे. त्याआधी दोन संघटना होत्या. १९४६ ची विद्यापीठांच्या आणि संशोधन-ग्रंथालयांच्या लोकांची, १९६२ ची सिनेगॉग-शाळांतल्या छोट्या ग्रंथालयांची. एकत्र आल्या तरी दोघांची दुखणी वेगळीच राहिली. सिनेगॉगच्या तळघरात दोन कपाटं सांभाळणाऱ्या बाईंना मुलांना कुठलं पुस्तक द्यावं याची काळजी. मुलांच्या पुस्तकांना ही संघटना १९६८ पासून पारितोषिक देते. संशोधनवाल्यांचं बोलणं आपल्या कामाचं: हा शिक्का कुणाचा, या लेखकाचं नाव कसं लिहायचं, अमुक ग्रंथालय बंद होतंय तर पुस्तकं कोण घेणार.

यातल्या शिक्क्याबद्दल त्यांचा हट्ट समजून घेण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी युरोपभरच्या ज्यू ग्रंथालयांतून लाखो पुस्तकं लुटून नेली. ती सापडली तेव्हा अमेरिकन सैन्याने फ्रँकफर्टजवळ ऑफेनबाख इथे एक आगार उघडलं. १९४६ ते १९४९ मध्ये तिथून तीस लाखांहून जास्त पुस्तकं आणि कागद हाताळले गेले. वर्गवारी करणाऱ्या कामगारांना हिब्रू येत नव्हतं. आगाराचे एक प्रमुख आयझॅक बेन्कोविट्झ हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुस्तकांतल्या शिक्क्यांचे फोटो काढून घेतले आणि एकेका कामगाराला थोडे थोडे शिक्के ओळखायला शिकवले. अक्षर कळायची गरजच नाही, चित्र जुळलं की पुस्तक त्या पेटीत. विल्ना, अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, ज्याचं त्याला, जिथे घ्यायला कोणी उरलं होतं तिथे. जिथे कोणीच उरलं नव्हतं तिथली पाचेक लाख पुस्तकं इस्रायल, अमेरिका वगैरेंत वाटली गेली. ते काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकारी सचिव होत्या हॅना आरेंट, तत्त्वज्ञ म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्याच. आजही कोलंबिया विद्यापीठात ‘फूटप्रिंट्स’ नावाचा प्रकल्प चालतो. जुनी ज्यू पुस्तकं कुठून कुठे गेली, हे शिक्के आणि हस्ताक्षरातली नावं यांवरून नोंदवायचं, असं त्याचं काम.

तेव्हा तुमच्या ट्रंकेतल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘अमुक हिस लग्नानिमित्त मामाकडून’ असं शाईने लिहिलेलं असेल तर ते खोडू नका, त्यावर लेबल चिकटवू नका, सेलोटेप तर अजिबात नको. छापलेल्या मजकुराच्या प्रती आणखी कुठे तरी असू शकतात. ती ओळ फक्त तुमच्याकडे आहे.

आता नोंदीबद्दल. माझा हा आवडता विषय आहे, कंटाळा आला तर पुढे जा. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायची जी ड्यूई पद्धत आपण सगळे वापरतो, तिच्यात २०० पासून धर्म. त्यातले २२० ते २८९ बायबल आणि ख्रिस्ती धर्माला. बाकी साऱ्या जगाचे धर्म २९० च्या एका चाळीत: बौद्ध २९४.३, हिंदू २९४.५, ज्यू २९६, इस्लाम २९७. ज्ञानेश्वरी आणि ज्यूंची प्रार्थनापोथी शेजारी शेजारी, संडास सामाईक. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तर बहुतेक पुस्तकं २९६ च्याच खोलीतली. तिथे हिब्रू विभागाचे प्रमुख असलेले गेर्शोम शोलेम, पुढे कब्बालाचे, म्हणजे ज्यू गूढवादाचे, मोठे अभ्यासक झाले ते, यांनी १९२७ साली ती एक खोली फोडून त्यात अख्खा वाडा बांधला. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी आपल्या वर्गीकरणात ज्यू धर्माला हिंदू, जैन, बौद्ध यांच्या ओळीत स्वतःचा आकडा दिला. मला रंगनाथन जास्त पटतात, पण वापरायची वेळ ड्यूईच्याच आकड्यांवर आली.

पण शोलेमच्या वाड्यातही ‘बिरड्याचा सण’ कुठे ठेवायचा ते लिहिलेलं नाही. इथे मराठी माणूस लागतो. बेने इस्राएलांनी सणांना आपली नावं दिली होती. रोश हाशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, तो नव्याचा सण. योम किप्पुर म्हणजे दार फाळणीचा सण, दारं लावून घरात बसायचा. पुरीम ऐन शिमग्याच्या सुमारास येतो म्हणून होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा उपास तिशा बआव म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या वेळी वालाचं बिरडं. एलूल महिन्यातल्या उपासांना तर रमजान म्हणत! जुन्या मराठी पुस्तिकेत ‘रमजान’ शब्द दिसला की परदेशातला ग्रंथपाल तेच करणार, जे मी मशिदीच्या अहवालाचं केलं.

नावांचंही तसंच. सामाजी हसाजी आणि सॅम्युएल इझिकेल ही एकाच माणसाची नावं, जुनी मशीद बांधणाऱ्या दिवेकरांचीच. हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५), डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक, कुठे नुसते जोसेफ इझिकेल म्हणून नोंदलेले सापडतात, कुठे आडनावासकट. ही एकच व्यक्ती, हे आपल्याला ‘कर’ दिसलं की लगेच कळतं. रोमन लिपीत ते यादीच्या दोन टोकांना जाऊन बसतात.

तुमच्याकडे वर्ष शोधताना गोंधळ होईल. मराठी बाजूला शक असेल तर ७८ मिळवा. हिब्रू बाजूला वर्ष अक्षरांत असतं आणि हजार सहसा लिहीत नाहीत. उदाहरणार्थ ताव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४, मिळून ६३४. त्यात १२४० मिळवले की १८७४. त्यांचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, त्यामुळे एका वर्षाची चूकभूल धरा.

१८७४ मुद्दाम घेतलं. त्या साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात एक हगादा छापली गेली, म्हणजे पेसाह या सणाच्या रात्री जेवणाच्या वेळी वाचायची पोथी. हिब्रू आणि मराठी, आत चित्रं, आणि चित्रातल्या बायका साड्या नेसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत त्याआधी १८४६ मध्येच शिळाछापाने निघाली होती. तुमच्या ट्रंकेत यातलं काही निघेल अशी आशा लावू नका, अशा प्रती दुर्मीळ असतात. बहुधा निघतील प्रार्थनापुस्तकं, समाजाची मासिकं, एखादं कीर्तनाचं पुस्तक (हो, बेने इस्राएलांत १८८० पासून अब्राहाम, मोशे यांच्यावर मराठी कीर्तनं होत), लग्नपत्रिका, शाळेच्या वह्या. वह्या आणि पत्रिका टाकू नका. संशोधकाला पुस्तकाआधी त्याच हव्या असतात.

आता करायचं काय ते. प्रत्येक पुस्तकाची पुढची-मागची दोन्ही शीर्षकपानं, शिक्का आणि हस्ताक्षर यांचे उजेडात फोटो काढा. हिब्रू पुस्तक आपल्या दृष्टीने मागून उघडतं, त्यामुळे शेवटचं पान पहिलं असू शकतं. मग दाते सूचीत, म्हणजे शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत, पाहा. १८०० ते १९३७ मधलं मराठी पुस्तक त्यात आहे की नाही, एवढं कळलं तरी पुढचा ग्रंथपाल तुम्हाला दुवा देईल. ठाण्यातच आहात तर मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बघता येईल. ती संस्था १८९३ ची आहे. ही यादी आणि फोटो घेऊन जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि पूर्वेकडच्या ज्यू समाजांवर काम करणाऱ्या बेन-झ्वी इन्स्टिट्यूटला लिहा. पत्रात ‘मराठी’ हा शब्द पहिल्या ओळीत येऊ द्या.

पुस्तकं मात्र लगेच पाठवू नका. ७५ वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मोल असलेली हस्तलिखितं आणि कागदपत्रं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. स्कॅन पाठवायला अडचण नाही. आणि मूळ प्रती इथेच, मराठी येणाऱ्या माणसांजवळ राहाव्यात असं माझं मत आहे. काही जण म्हणतील समाजच तिकडे गेला, पुस्तकंही जाऊ देत. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. तिकडे नातवंडांना मराठी वाचता येत नाही, इकडे वाचता येणाऱ्यांना ही पुस्तकं आहेत हेच माहीत नाही.

फाटून भुगा झालेली प्रार्थनापुस्तकं निघाली तर? देवाचं नाव असलेला कागद ज्यू फेकत किंवा जाळत नाहीत. तो गेनिझात, म्हणजे असे कागद साठवायच्या जागेत, ठेवतात आणि मग दफनभूमीत पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये असाच शतकानुशतकं साठलेला कागद १८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टर यांनी केंब्रिजला नेला. एकट्या केंब्रिजमध्येच त्याचे एक लाख नव्वद हजारांवर तुकडे आहेत. त्यांत बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या एका ज्यूची पत्रंही आहेत. तर भुगासुद्धा आधी फोटो काढून मगच ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्या. पुढचं ते त्यांच्या रीतीने करतील. निव्वळ मासिकांना हा नियम लागत नाही, ती त्या पिशवीत चुकून घालू नका.

या सगळ्याच्या आधी आजींना फोन करा. एकेक पुस्तक हातात धरून विचारा, हे कुणाचं, हे अक्षर कुणाचं, हा मामा कुठल्या गावचा. बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा, आणि पुस्तकं संस्थेला द्यायला त्यांची हरकत नाही हेही त्यात येऊ द्या. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ टाळा, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो. घड्याळ तिथे उन्हाळ्यात आपल्या अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. ट्रंकेत मोडीतलं काही निघालं तर फोटो इथे खाली टाका. माझं हिब्रू अक्षरओळखीपुरतंच आहे, पण मोडी मी वाचून देईन.