जलरंग की रंगीत काच? दोन्ही, पण क्रमाने

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'ए' ग्रेड होती. जलरंगात निसर्गचित्रं छान करते, आता रंगीत काचेच्या तुकड्यांचं मोझॅक करायचं म्हणते. कुठे प्रवेश घ्यावा? साहित्य आणून द्यावं का? पोट भरेल का? – एक पालक, सातारा

उत्तर : नमस्कार. दोन्ही करू द्या, मात्र पदवी पेंटिंगची घ्या. काच कापणं कार्यशाळेत शिकता येतं. रेखाटन आणि रंगसंगतीला चार वर्षांची बैठक लागते. बीएफए या कला पदवीसाठी राज्य सीईटी कक्षाची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय आता अभिमत विद्यापीठ आहे, त्यांची प्रवेशसूचना वेगळी पाहा. काचेच्या वस्तूंच्या डिझाइनकडे ओढा असेल, तर राष्ट्रीय डिझाइन संस्था (एनआयडी), अहमदाबादचा सिरॅमिक अँड ग्लास विभाग आहे; त्याचा अर्ज बारावीची परीक्षा व्हायच्या आधीच भरावा लागतो.

तिचा जलरंगाचा हात काचेत उपयोगी पडेल. जलरंगात उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येतो, काचेत मागून. म्हणूनच पारदर्शक काच लाकडी फळीवर करड्या सिमेंटात बसवली की रंग मरतो. फळीवर करायचं तर खाली पांढरा अ‍ॅडहेसिव्ह हवा. खिडकीसाठी ५ मिमी साध्या काचेवर पारदर्शक सिलिकॉनने तुकडे चिकटवावेत. सुताराचा पांढरा गोंद दोन काचांमध्ये नीट वाळत नाही, दुधाळ राहतो आणि ओलीने सुटतो.

पण चित्र जसंच्या तसं काचेत उतरत नाही. निळ्यातून गुलाबीत विरघळणारा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, काचेत पाच-सहा छटांचे तुकडे होऊन येतो. शिवाय काच हव्या त्या वळणात कापली जात नाही. आत खोल गेलेलं वळण एका फटक्यात मोडू गेलं तर तुकडा फुटतो. ते उथळ कापांनी थोडं थोडं काढावं लागतं. 'एल' आकार तर कोपऱ्यातच तडकतो, तिथे रेखाटनातच सांधा द्यावा. पोर्टफोलिओत जलरंगाच्या चित्राशेजारी असं सांध्यांचं रेखाटन ठेवलं, तर पाहणाऱ्याला तिचा विचार लगेच दिसेल.

पहिलं काम एक फूट चौरसाचं असू द्या. पूर्ण मापाचं रेखाटन, प्रत्येक तुकड्याला नंबर, मध्ये २-३ मिमी फट. ३ मिमी काचेवर कटरची रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच मारायची. बारीक सलग आवाज येत राहिला की दाब बरोबर. त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवला तर चाक खराब होतं आणि काच भलतीकडे फुटते. चिकटवल्यावर २४ तास थांबून ग्राउट (फटी भरायचं सिमेंटचं मिश्रण) भरा, १५-२० मिनिटांनी ओल्या स्पंजने पुसा. खिडकीत गडद ग्राउट घ्या. पांढऱ्याने रंग फिके दिसतात.

साहित्य बेताचं पुरे : कटर, काच मोडायची पक्कड, चाकांची कातरी, गॉगल आणि काचवाल्याकडचे उरलेले तुकडे. ग्राउट कालवताना मास्क लावावा. काचेचा चुरा हाताने नव्हे, ओल्या फडक्याने टिपावा. शिशाचं सोल्डरिंग घरी नको, तेही स्वयंपाकघरात तर मुळीच नको. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कॉटन कागद आणि आठ-दहा आर्टिस्ट ग्रेड नळ्या. चित्र विकायचं असेल तर अस्सल अ‍ॅलिझरिन क्रिमझन टाळा, तो उजेडात उडतो, त्याऐवजी क्विनाक्रिडोन हा टिकाऊ रंग घ्या.

पैशांचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीची वर्षं घर चालेल ते शिकवण्यावर. काचेची कामं हळूहळू येतात. घरांच्या खिडक्या, प्रार्थनास्थळं, आणि जुन्या काचांची डागडुजी. मुंबईत राजाबाई टॉवरच्या रंगीत काचांचं जतन झालं आहे, असं काम जाणत्या हाताखालीच शिकावं. दर सांगताना काचेची तूट, फ्रेम, वाहतूक आणि बसवणं धरा, निम्मी रक्कम आधी घ्या. खिडकीचं माप तिने स्वतः जाऊन वर, मध्ये आणि खाली घ्यावं, आणि सगळ्यात कमी भरेल त्यातून ३ मिमी वजा करून पॅनल बनवावं.