वाकडं आहे ते वाकडंच राहू दे

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि माझी झोपच उडाली. आजोबांवर लिहिलेलं पान तू पाठवलंस, "काका, यात काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही" म्हणून. पान मी तीनदा वाचलं. प्रेमळ, शिस्तप्रिय, कष्टाळू, सगळ्यांचे लाडके. यात तुझे आजोबा कुठेच नाहीत गं. आणि खाली मेसेजमध्ये मात्र सहज लिहून गेलीस की ते कायम खिशात मेजरिंग टेप ठेवायचे आणि दिसेल ते मोजायचे, पाहुण्याचा बूट, कुत्र्याची शेपटी, तुझी वेणी, आणि आकडा मिलिमीटरमध्ये मोठ्याने जाहीर करायचे. मग हे पानात का नाही? तर आत्या म्हणाली लोक हसतील.

हसू देत की. हसतील तेव्हाच त्यांना ते दिसतील.

मी तुझा सख्खा काका नसूनही एवढा का चिडतोय ते सांगतो. माझे बाबा घरातल्या प्रत्येक बल्बवर तारीख लिहायचे. बल्ब चढवायच्या आधी त्याच्या पितळी टोपीवर बॉलपेनने, मुंगीएवढ्या अक्षरात. टॉर्चच्या सेलवर पण. बल्ब गेला की स्टुलावर चढून तो उतरवायचे, चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाचायचे, दिवस मोजायचे आणि घरभर ऐकू जाईल असं सांगायचे, "तीनशे सहा दिवस! बरा होता बिचारा." आम्हाला लाज वाटायची, मित्र घरी असले की जास्तच. ते गेले तेव्हा चार शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बल्बचं लिहिलं होतं, पण घरच्यांनी सांगितलं हे काढ, बरं नाही दिसत. मी काढलं. आणि मग लिहिलं काय, तर मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. ते पान अजून माझ्याकडे आहे, कुणाच्याही वडिलांचं नाव वर घाल, चालेल.

त्यानंतर काही महिन्यांनी जिन्यातला बल्ब गेला. मी उतरवला तर टोपीवर त्यांच्या अक्षरात तारीख. दिवस मोजणारं घरात कुणी उरलं नव्हतं, मग मीच मोजले, स्टुलावर उभ्या उभ्या. चारशे बारा. रडू मला तेव्हा आलं, त्याआधी नीटसं आलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, वाकडं आहे ते वाकडंच राहू दे.

यामागे कारणही आहे, नुसता माझा हट्ट नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली त्यांचे जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यात त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली, कधी काही मिनिटांनी, कधी काही महिन्यांनी. गोष्ट दर वेळी लहान होत गेली, पण गंमत बघ, गळत काय होतं तर विचित्र वाटणारा भाग. जे गळत नव्हतं ते बदलून ओळखीचं होत होतं, कनू म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, तिची साधी बोट झाली, सील या समुद्री प्राण्याची शिकार होती तिथे मासेमारी आली. आणि हे कुणी मुद्दाम करत नव्हतं. आपलं डोकंच असं चालतं, अनोळखी कोपरा दिसला की घासून गुळगुळीत करतं. म्हणजे प्रेमळ, कष्टाळू वगैरे तुला वीस वर्षांनी पण आठवेल, ते कुठे जात नाही. ती टेप मात्र जाईल. नक्की कशाकशावर धरायचे, आकडा सांगताना आवाज कसा व्हायचा, हे सगळं जाईल. आत्ता बसून लिही, रविवारी निवांत बघू म्हणू नकोस.

आणि त्यांचे शब्द त्यांच्याच शब्दांत लिही. "ते म्हणायचे की वस्तू नीट ठेवावी" असलं नको. काय म्हणायचे? कोणता शब्द वापरायचे? चुकीचा उच्चार करत असतील तर तो चुकीचाच लिही. सुधारायचा मोह होतो, मला माहितीये, होऊ देऊ नकोस.

आता तू विचारलंयस ते अवघड. तुझे बाबा आणि आजोबा मधली काही वर्षं बोलत नव्हते, ते लिहायचं का. तर ऐक. ते भांडण तुझ्या बाबांचं आहे, त्यांना विचारल्याशिवाय त्यातला तपशील लिहायचा तुला हक्क नाही. पण म्हणून "बापलेकाचं फार गोड नातं होतं" असलं खोटं वाक्य पण लिहू नकोस. नसलं लिहायचं तर गप्प बस, खोटं घालू नकोस. आणि एक गोष्ट लक्षात घे, तुला जो आजोबा मिळाला तो तुझ्या बाबांना वडील म्हणून मिळालाच नव्हता. हे बहुतेक घरांत होतं. माझ्या बाबांनी मला एकदाही खांद्यावर घेतलेलं मला आठवत नाही, आणि माझ्या मुलासाठी तोच माणूस गुडघ्यांवर घोडा होऊन खोलीभर फिरायचा, मी दारात उभा राहून बघायचो आणि मला आनंद व्हायचा आणि आतून काहीतरी दुखायचं पण. दोन्ही खरंच होतं. तुझे बाबा त्या पानावर गप्प आहेत म्हणतेस ना, कदाचित हेच असेल. त्यांच्याशेजारी बस, फोनचं रेकॉर्डिंग चालू कर, त्यांना सांगून, आणि फक्त विचार, "तुमच्या लहानपणी पण ते सगळं मोजायचे का?" एवढंच. मग गप्प राहा. मधे बोलू नकोस.

आणि रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी कर. हसू नकोस, हे मी अनुभवाने बोलतोय. माझ्याकडे बाबांची एक कॅसेट होती, साठ मिनिटांची, त्यात एका बाजूला वीसेक मिनिटं ते बल्ब का जातात यावर बोललेत. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांना प्लास्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात, ती पट्टी मोडली की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. दोन सेकंदांचं काम. मी मोडली नाही, आणि पुढे एकदा घाईत मीच त्यावर रेडिओवरची गाणी भरली. दुसऱ्या कुणी नाही, मी. आता त्यात गाणी संपल्यावर थोडी खरखर येते आणि मग त्यांचं शेवटचं वाक्य तेवढं शिल्लक आहे: "झालं का रे? बंद कर आता, सेल संपतील." कितीतरी वेळा ऐकलंय मी ते. बाकीच्या वीस मिनिटांत काय बोलले होते ते सांगता येत नाही मला, थोडं आठवतं पण ते खरंच त्यांचं की मी जुळवलेलं, कळत नाही.

माझी बहीण अजून म्हणते की तू बाबांचं हसं करतोस, कारण आता मी कुठेही त्यांचा विषय निघाला की बल्बचंच सांगतो. तो जिन्यातला बल्ब मी डबीत कापूस घालून ठेवलाय, त्यावरून पण बोलणी खातो. खाईन. तिला वाटतं मान राखायचा म्हणजे माणसाचं विचित्र तेवढं झाकायचं, मला वाटतं ज्या माणसाने मेलेल्या बल्बला पण "बरा होता बिचारा" म्हटलं त्याचं ते वाक्य झाकणं हाच अपमान आहे. मी एकदा ऐकलं घरच्यांचं. पुन्हा नाही ऐकणार. आणि तू पण आत्याचं ऐकू नकोस, तिच्यावर प्रेम कर, तिला पान आधी वाचायला दे, पण टेप काढू नकोस. वाकडं आहे ते वाकडंच राहू दे, किती वेळा सांगू.

अरे हो, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तू लिहिलंयस की स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी तुम्हा सगळ्या नातवंडांच्या उंचीच्या खुणा केल्यात, तारखेसकट, मिलिमीटरमध्ये, आणि सोमवारी रंगारी येणार आहेत. हे तू शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंस! त्या चौकटीला ब्रश लागता कामा नये. आज दिवसाच्या उजेडात फोटो काढ, शेजारी त्यांचीच टेप उघडून धर म्हणजे आकडे वाचता येतील, आणि एका खुणेजवळ "पाय उचलला, परत" असं काहीतरी लिहिलंय म्हणालीस त्याचा वेगळा जवळून काढ. तुझ्या आईला मी संध्याकाळी फोन करतोच आहे.

तुझा,
काका