पोस्ट तोट्यात आहे, तर सरकार ते विकून का टाकत नाही?

विकायचं म्हणजे नेमकं काय विकायचं, ते आधी बघा. देशात सुमारे 1 लाख 65 हजार टपाल कार्यालयं आहेत आणि त्यांतली जवळपास 90 टक्के ग्रामीण भागात. त्यातही बहुतेक शाखा डाकघरं. त्यांची जागा सहसा सरकारची नसतेच, शाखा डाकपालानेच ती द्यायची असते. घराच्या ओसरीवर एक टेबल, तारखेचा शिक्का, वजनकाटा, हातातलं यंत्र. उप-डाकघरातून थैली आली की ती फोडायची, बटवडा करायचा, रोजचा हिशेब वर पाठवायचा. रोजच्या चार तासांच्या कामाचा मूळ भत्ता महिन्याला 12 हजार रुपये (वर महागाई भत्ता). एवढ्या पैशांत हे काम कुठलीही कंपनी अंगावर घेणार नाही. तिचा डोळा असणार तो शहरातल्या मोक्याच्या इमारतींवर आणि पार्सलांवर. अल्पबचत योजना तर अर्थ मंत्रालयाच्या. पोस्ट त्यांचं काम करून मोबदला घेतं, त्यामुळे त्या विक्रीत येतच नाहीत.

‘स्पर्धा येऊ द्या’ म्हणाल, तर ती आलेलीच आहे. 1898 च्या टपाल कायद्यातला पत्रवाहतुकीचा सरकारी एकाधिकार 2023 च्या नव्या कायद्यात राहिला नाही, आणि तो कायदा जून 2024 पासून लागू आहे.

ब्रिटनने ऑक्टोबर 2013 मध्ये आपली सरकारी टपाल कंपनी, रॉयल मेल, विकायला काढली. शेअर 330 पेन्सला दिला, पहिल्याच दिवशी तो 455 वर बंद झाला. म्हणजे सरकारने माल स्वस्तात घालवला. त्याआधी पेन्शनचा बोजा सरकारने स्वतःकडे घेतला होता आणि काउंटर चालवणारी पोस्ट ऑफिस कंपनी वेगळी काढून सरकारीच ठेवली होती. पहिल्या वर्गाच्या (लवकर पोचणाऱ्या) पत्राचं टपाल तिकीट तेव्हा 60 पेन्स होतं, एप्रिल 2025 मध्ये 1 पौंड 70 पेन्स झालं. वेळेत बटवडा न केल्याबद्दल नियामक ऑफकॉमने वारंवार दंड केले, आणि शेवटी 2025 मध्ये दुसऱ्या वर्गाची (स्वस्तातली, सावकाश जाणारी) पत्रं एक दिवसाआड वाटायला परवानगीच दिली. पत्रं घटली हे खरं, पण ती सरकारी पोस्टातही घटलीच असती. मालक बदलून तो खड्डा भरत नाही.

म्हणून माझं मत विक्रीच्या विरोधात. पार्सल आणि स्पीड पोस्टचा हिशेब वेगळा काढा, त्यांना बाजारभावाने दर लावू द्या. खेड्यातल्या बटवड्याचा खर्च अर्थसंकल्पात स्वतंत्र दाखवा. आज 50 पैशांच्या पोस्टकार्डाचा तोटा आणि ढिसाळ कारभाराचा तोटा एकाच आकड्यात मिसळतो, त्यामुळे कुणालाच जाब विचारता येत नाही. उद्या विकायचंच ठरलं, तर आठवड्यातून किती दिवस बटवडा, देशभर एकच दर आणि चुकल्यास दंड किती, हे विक्रीआधी कायद्यात लिहून घ्या. आणि दंड असा हवा, की भरण्यापेक्षा पत्र पोचवणं कंपनीला स्वस्त पडेल.