जीनोम दुप्पट भरतोय? आधी कल्चर एकाच जिवाणूचं आहे ना, ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी प्रयोगवही काढून बसले. गाळातून मिळालेली गुलाबी कॉलनी, १६एस (जिवाणूची ओळख पटवणारं जनुक) सर्वांत जवळच्या नातेवाईकाशी ९७.८ टक्के जुळतंय, जीनोम ८९ लाख बेसजोड्यांचा (नातेवाइकांचा ४५ लाखांच्या आसपास), आणि कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) चाचणी कधी पॉझिटिव्ह तर कधी निगेटिव्ह. नवी प्रजाती म्हणून वर्णन लिहायचंय, तर आणखी कोणत्या चाचण्या कराव्यात, असं तुम्ही विचारलंय. तूर्त एकही करू नका. मला दाट शंका आहे की तुमच्याकडे दोन जिवाणू आहेत.

प्लेट मी पाहिलेली नाही आणि माझा अनुभव एकाच गटातल्या जिवाणूंचा आहे, तेव्हा माझं चुकूही शकतं. नवी प्रजाती ठरवण्यासाठी किती टक्के साम्य चालतं ते उंबरठे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. पण हे सगळे आकडे एकाच सजीवाचे आहेत असं गृहीत धरूनच त्यांना अर्थ आहे.

माझं सव्वा वर्ष याच गृहीतकात गेलं. १६एसच्या क्रोमॅटोग्रामवर (जनुक वाचताना मशीन काढतं त्या आलेखावर) मोठ्या शिखरांच्या पायथ्याशी सगळीकडे बारीक शिखरं होती. मशीनचा गोंगाट म्हणून सोडून दिली. मग जीनोम आला, दुप्पट आकाराचा. जीनोमचा दर्जा तपासणाऱ्या चेकएम या सॉफ्टवेअरने पूर्णता ९९ टक्के दाखवली ती मी आनंदाने उतरवून घेतली; शेजारीच दूषणाचा (एकेकच असायला हवीत ती जनुकं किती दुबार सापडली त्याचा) भलामोठा आकडा होता, तो मात्र ‘याची जनुकं दुपटीने वाढलेली दिसतात’ असं म्हणून स्वतःला पटवून दिला. तुम्हीही पोस्टमध्ये फक्त पूर्णता लिहिली आहे. दूषण किती आलं?

मोठा जीनोम असूच शकत नाही असं नाही. सोरँजियम सेल्युलोसम या जिवाणूचा १ कोटी ३० लाख बेसजोड्यांच्या पुढे जातो. पण तिथेही, ज्या जनुकांची एकेकच प्रत असते ती सरसकट दोन-दोन सापडत नाहीत. काँटिगचं (जीनोमच्या जोडलेल्या तुकड्यांचं) जीसी प्रमाण, म्हणजे त्यातल्या जी आणि सी बेसची टक्केवारी, आणि कव्हरेज, म्हणजे तो तुकडा किती वेळा वाचला गेला, हे एकाच आलेखावर मांडा. माझ्या आलेखात दोन स्वच्छ पुंजके पडले, म्हणजे दोन जिवाणू. तो आलेख पहिल्याच दिवशी काढला असता तर पुढचं काही घडलं नसतं. माझ्या गुणधर्मांच्या तक्त्यात नायट्रेट क्षपण एकाचं होतं, स्टार्च पचवणं दुसऱ्याचं. तो तक्ता जगातल्या कुठल्याच जिवाणूचा नव्हता.

आणि तोच स्ट्रेन (वाण) मी एका कल्चर संग्रहाकडे (जिवाणू जपून ठेवणाऱ्या संस्थेकडे) पाठवला. पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: कल्चर शुद्ध नाही. कोणत्या माध्यमावर, किती तापमानाला, दुसरी कॉलनी कशी दिसली, काहीही नाही. तीनदा लिहून विचारलं, एकदाही उत्तर नाही. त्यांच्या पहिल्याच प्लेटवर दिसलं असणार! ती ओळ आठवड्यात आली असती तर माझे पाच महिने वाचले असते. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही म्हणाल, पाच वेळा एकाच कॉलनीवरून स्ट्रीक केलंय (प्लेटवर रेघा ओढून पेशी सुट्या केल्यात). मीही केलं होतं. पण एक जिवाणू दुसऱ्यावर अवलंबून असेल तर स्ट्रीकिंगच फसवतं: एकट्या पडलेल्या पेशी वाढतच नाहीत, जोडीदाराला घेऊन पडलेल्याच कॉलनी करतात, आणि तुम्ही दर वेळी नेमकी तीच कॉलनी उचलता. समुद्रातला प्रोक्लोरोकॉकस याचं चांगलं उदाहरण. त्याच्याकडे कॅटलेज नाही, शेजारचे जिवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड निपटतात म्हणून त्याचं निभतं. मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की ही तर दोन दशकांहून अधिक काळ एकच प्रजाती मानली जात होती. १९६७ साली कळलं की ते दोन जीव आहेत: एक इथेनॉलपासून ॲसिटेट आणि हायड्रोजन करतो, दुसरा त्या हायड्रोजनचा मिथेन. हायड्रोजन साचला की पहिल्याचं काम अडतं.

तुमचं कॅटलेज बदलतंय त्याचं मूळही इथेच असावं. तीन दिवसांच्या विरळ कॉलनीवर आणि दाट, जुन्या भागावर चाचणी वेगवेगळी करून बघा. माझ्याकडे विरळ भागात निगेटिव्ह यायची.

वेगळं करण्यासाठी जोडीदार जे पुरवतो ते तुम्ही पुरवा. माध्यमात पायरुव्हेट किंवा कॅटलेज घाला, दोन्ही पेरॉक्साइड निपटतात. फॉस्फेट आणि अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा. एकत्र तापवले की पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू त्यानेच मरतात, हे २०१४ साली दाखवलं गेलंय. खरं तर प्रत्येकाने ही सवयच लावून घ्यावी. मग विरल करत करत एका नळीत जेमतेम एक पेशी पडेल इथपर्यंत जा. जोडीदाराचं गाळलेलं माध्यमही वापरता येईल, पण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही काही जिवाणू निसटतात, म्हणून फक्त ते गाळलेलं माध्यम असलेली, पेशी न टाकलेली कंट्रोल नळी ठेवाच.

वेगळे झालेच नाहीत तर? ‘कँडिडेटस’ म्हणून (शुद्ध कल्चर नसलेल्यांसाठीचं तात्पुरतं) नाव देता येतं, किंवा २०२२पासून सीक्वकोड ही नावं देण्याची नियमावली आहे, तिथे जीनोमच टाइप (नावाचा अधिकृत नमुना) म्हणून चालतो. माझं वैयक्तिक मत, आधी वर्षभर वेगळं करायचा प्रयत्न करावा. शुद्ध मिळाला तर टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत, कुठलंही बंधन न घालता ठेवावा लागतो. सोबत माध्यमाची पूर्ण कृती पाठवा, पायरुव्हेटसकट. नाहीतर तिथे तो उगवणार नाही. ते अवलंबित्व वर्णनात ठळक लिहा, लपवू नका. तुमच्या जिवाणूबद्दलची सर्वांत मोलाची माहिती कदाचित तीच असेल.

आणि आत्ताचं मिश्र कल्चर टाकू नका! मी टाकलं. नंतर जोडीदार पुन्हा हवा होता, तो मिळायला चार महिने लागले. आजच ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० अंशांत ठेवा, आणि जमलं तर तो क्रोमॅटोग्राम इथे टाका, मी बघते.